‘द डार्क नाइट’ची ४के डिस्क : ताकद कुठून दिसते, कुठून ऐकू येते

वॉर्नर ब्रदर्सने डिसेंबर २०१७ मध्ये ‘द डार्क नाइट’ ४के अल्ट्रा एचडी डिस्कवर आणला. चित्रपट २००८ चा, दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन, लांबी १५२ मिनिटं. डिस्कवर चित्र एचडीआर१० मध्ये आहे, म्हणजे उजेड आणि काळोख यांतला फरक जास्त दाखवणाऱ्या पद्धतीत, आणि आवाज डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांच्यासाठी, न दाबलेला. चित्राची डॉल्बी व्हिजन नाही, वरून येणाऱ्या आवाजाची अ‍ॅटमॉसही नाही. खोक्यामागची ही ओळ वाचून डिस्क परत ठेवून द्यावीशी वाटेल, पण ठेवू नका. सुपरहिरोची ताकद कॅमेरा आणि आवाज कशी उभी करतात हे घरी बसून समजून घ्यायचं असेल, तर इतका कस असलेली डिस्क क्वचित मिळते. अट एवढीच, की टीव्ही आणि साउंडबारच्या तीन-चार सेटिंग्जना हात घालावा लागेल. त्या कंपनीने दिल्या तशाच ठेवल्या, तर चित्रपटातला सगळा जोर घराच्या उंबरठ्याबाहेर राहतो.

सुपरहिरोपटांचं रूढ व्याकरण सोपं असतं. नायक ताकदवान दाखवायचा तर कॅमेरा खाली ठेवून वर बघायचा, म्हणजे लो अँगल. खाली ढोल-ताशांसारखा ठोका वाजवायचा आणि आवाज वाढवत न्यायचा. या चित्रपटातही लो अँगल आहेत, पण त्याची खरी भिस्त फरकावर आहे. चौकट अरुंद असते आणि अचानक उंच होते. आवाज भरलेला असतो आणि अचानक काढून घेतला जातो. प्रेक्षकाला ताकद जाणवते ती या बदलाच्या क्षणी. म्हणून जे सेटिंग फरक सपाट करतं, ते या चित्रपटाचं सर्वाधिक नुकसान करतं.

आधी चौकटीचं पाहू. छायाचित्रकार वॉली फिस्टर यांनी बहुतांश चित्रपट ३५ मिमी अ‍ॅनामॉर्फिक फिल्मवर (रुंद चित्र भिंगाने आडवं दाबून) टिपला. निवडक प्रसंग मात्र खूप मोठ्या फ्रेमच्या आयमॅक्स कॅमेऱ्यावर आहेत. त्यात फिल्म आडवी धावते आणि एका फ्रेमला कडेची १५ छिद्रं लागतात. आयमॅक्स थिएटरमध्ये हे प्रसंग १.४३ : १ या जवळपास चौकोनी आकारात दिसत. डिस्कवर ते १.७८ : १ मध्ये आहेत, म्हणजे टीव्हीचा पडदा काठोकाठ भरतो; बाकीचा चित्रपट २.४० : १ च्या रुंद पट्टीत राहतो. मूळ आयमॅक्स चित्राच्या उंचीतला सुमारे २० टक्के भाग त्यामुळे कापला जातो. हे नुकसान खरं आहे, तरी घरच्या १६ : ९ पडद्याला याहून जास्त उंची देता येत नाही.

आकड्यांत सांगायचं तर ५५ इंची टीव्हीची उंची सुमारे ६८ सेंमी असते. त्यात २.४० चं चित्र सुमारे ५१ सेंमी जागा घेतं, वर-खाली ९-९ सेंमी काळ्या पट्ट्या राहतात. आयमॅक्सचा शॉट आला की त्या पट्ट्या नाहीशा होतात आणि चित्र १७-१८ सेंमीने उंच होतं. पहिला प्रसंग बँकेच्या दरोड्याचा. काचेच्या इमारतीकडे सरकणारा आकाशातला शॉट आणि आतून फुटणारी खिडकी. मग रस्त्याच्या कोपऱ्यावर पाठमोरा उभा असलेला माणूस, म्हणजे खलनायक जोकर. हातात विदूषकाचा मुखवटा लोंबतोय आणि कॅमेरा त्याच्याकडे सरकत जातो. चेहरा नाही, संवाद नाही, तरी सगळ्या रस्त्यावर ताबा त्याचा आहे हे कळतं. कारण त्याच्या आजूबाजूला आणि डोक्यावर भरपूर रिकामी जागा सोडली आहे आणि कॅमेऱ्याला इतर कुठेही जायचं नाही. नीट पाहिलं तर या शॉट्समधला महत्त्वाचा मजकूर चौकटीच्या मधल्या पट्ट्यात ठेवलेला दिसतो. हेच शॉट साध्या थिएटरांत २.४० मध्येही चालायला हवे होते, म्हणून ही खबरदारी. त्यातूनच वर-खाली ती हवा मिळाली.

आता पहिली चूक. रिमोटवरचं ‘झूम’ किंवा ‘सिनेमा झूम’ दाबून काळ्या पट्ट्या घालवणं. तसं केलं की रुंद पट्टीतल्या शॉटच्या दोन्ही कडा कापल्या जातात आणि आयमॅक्स शॉटची डोकी-पाय उडतात. त्याहून वाईट म्हणजे चौकट वाढण्याचा क्षणच उरत नाही. आकार ‘१६ : ९’ वर ठेवा आणि ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’ चालू करा, नाहीतर ओव्हरस्कॅन कडेचे २-३ टक्के चित्र गिळतो. दुसरी चूक मोशन स्मूदिंगची, म्हणजे टीव्हीने मध्ये स्वतःच्या फ्रेम भरून हालचाल गुळगुळीत करण्याची. प्रत्येक कंपनीत तिचं नाव वेगळं असतं. ते बंद करा आणि प्लेअरमधून २४ फ्रेम्सचं आउटपुट द्या. टीव्हीत ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर चौकटीचा आकार आणि स्मूदिंग या दोन्ही गोष्टी एका बटणात होतात. तिसरी म्हणजे खोलीच्या उजेडाप्रमाणे पडद्याचा प्रकाश बदलणारं इको सेटिंग. ते चालू राहिलं तर हाँगकाँगच्या रात्रीचे काळे भाग कधी राखाडी दिसतात, कधी डांबरासारखे गच्च.

हाँगकाँगचा प्रसंग थोडा थांबून पाहावा असा आहे. बॅटमन उंच इमारतीच्या कडेवर उभा आहे आणि कॅमेरा हेलिकॉप्टरमधून त्याच्याभोवती फिरतो. रूढ पद्धतीने हा शॉट खालून घेतला असता आणि बॅटमन आभाळाला टेकलेला दिसला असता. इथे कॅमेरा साधारण त्याच्या उंचीवर, कधी जरा वर आहे, त्यामुळे त्याच्या पायाखालचं शहर दिसतं. आकृती चौकटीत लहान आहे, तरीही ताकद तिचीच वाटते, कारण इतक्या उंचीवर दुसरं कुणी उभं राहू शकत नाही. एचडीआरचा खरा फायदा इथे आहे. खाली हजारो दिवे स्वतंत्र ठिपके म्हणून दिसतात आणि केपचा काळा रंग आभाळाच्या काळ्यापासून वेगळा राहतो. जुन्या ब्लू-रेवर हे दोन काळे एकमेकांत मिसळायचे. मग बॅटमन उडी मारतो आणि आवाजात उरतो फक्त वारा आणि केपची फडफड. सराउंड स्पीकर नीट लावले असतील तर फडफड पडद्यापासून खोलीच्या मागे जाते.

आयमॅक्स कॅमेऱ्यांची एक अडचण आवाजाशी थेट जोडलेली आहे. ते चालताना मोठ्याने घरघरतात, त्यामुळे तिथे रेकॉर्ड झालेला संवाद बहुधा वापरता येत नाही आणि नंतर डबिंगमध्ये भरावा लागतो. दरोड्याच्या प्रसंगात दरोडेखोरांच्या तोंडावर मुखवटे आहेत. कथेची ती गरज आहेच, पण त्यांचे ओठ दिसत नसल्याने डबिंगची शिवणही दिसत नाही. भीतीच्या दृष्टीनेही हे फायद्याचं ठरतं: कोणता आवाज कोणत्या मुखवट्यामागून येतोय हे कळायला क्षणभर वेळ लागतो.

आता जोकर. त्याची ताकद दाखवायला कॅमेरा फारसा खाली जात नाही. पार्टीच्या प्रसंगात तो बॅटमनच्या मैत्रिणीला, रेचेलला धरून आपल्या जखमेची गोष्ट सांगतो, तेव्हा कॅमेरा दोघांभोवती गोल फिरत राहतो. प्रेक्षकाला टेकायला एकही स्थिर कोन मिळत नाही. पुढे चौकशीच्या खोलीत सुरुवातीला अंधार आणि टेबलावरचा दिवा; पोलीस अधिकारी गॉर्डन बाहेर पडतो, दिवे लागतात आणि बॅटमन मागेच उभा असतो. एकदम पांढरीफेक झालेली खोली. इथे एचडीआर टीव्हीचा भडकपणा मुद्दाम वाढवू नका; ‘व्हिव्हिड’ मोडमध्ये जोकरच्या चेहऱ्यावरचा भेगाळलेला रंग सपाट पांढरा होतो आणि अभिनयच पुसला जातो. दोघे समोरासमोर बसतात तेव्हा कॅमेरा दोघांच्याही डोळ्यांच्या पातळीवर असतो, म्हणजे बरोबरी. मारहाण सुरू झाल्यावर कॅमेरा हातात येतो, हलू लागतो. शरीराने बॅटमन वरचढ आहे, पण शॉट जोकरच्या हसण्यावर थांबतो. अखेरच्या भागात जोकर उलटा लटकलेला असताना कॅमेरा हळूहळू वळतो आणि तो आपल्याला सरळ दिसायला लागतो. केस आणि कोटाची टोकं मात्र वर जातात. बांधलेल्या माणसासाठी सगळं जग उलटं फिरवलं गेलं. अख्ख्या चित्रपटात ताकदीचा इतका नेमका कॅमेरा-कोन दुसरा नाही.

संगीत हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड या दोघांचं. जोकरचा भाग झिमर यांनी घेतला, सरकारी वकील हार्वी डेंटचा हॉवर्ड यांनी. जोकरला धून दिलेलीच नाही. चेलोवादक मार्टिन टिलमन यांचा एकच ताणलेला सूर आहे, जो मींड घेतल्यासारखा अगदी सावकाश वर सरकतो. तारांवर ब्लेड घासून मिळवलेले आवाजही झिमर यांनी प्रयोगात वापरले. बॅटमनचा विषय फक्त दोन स्वरांचा आहे: सा वरून कोमल गंधारावर. तो पुढे जात नाही, तिथेच थांबतो. गाणं पूर्ण न झाल्याची ही अस्वस्थता बॅटमनला शोभते. चेलोचा सूर बहुतेक वेळा हळू सुरू होतो. स्वस्त साउंडबारमध्ये तो संवादांखाली दबतो आणि ऐकणाऱ्याला कळायच्या आत प्रसंग संपतो. तुमची यंत्रणा नीट आहे का हे तपासायला स्फोट ऐकू नका. दरोड्याच्या प्रसंगात हा सूर पहिल्यांदा कुठे जाणवतो ते पाहा. तो कानाला ‘ऐकू’ येण्याआधी थोडा त्रास देऊ लागला पाहिजे.

ध्वनीरचना रिचर्ड किंग यांची, त्यासाठी त्यांना साउंड एडिटिंगचं ऑस्कर मिळालं. त्याच वर्षीचं साउंड मिक्सिंगचं ऑस्कर मात्र मुंबईत घडणाऱ्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’ला गेलं. विजेत्यांत पुण्याच्या एफटीआयआयमध्ये शिकलेले रसूल पुकुट्टी होते आणि हरलेल्या नामांकनांत हा चित्रपट होता. दोन्ही एकापाठोपाठ ऐकले तर आवाजाची दोन टोकं कळतात. एकात शहराची दाटी आहे, दुसऱ्यात निवडून ठेवलेली मोकळी जागा.

किंग यांची सर्वांत सुंदर युक्ती बॅटपॉडच्या, म्हणजे बॅटमनच्या मोटारसायकलच्या आवाजात आहे. त्याला शेपर्ड टोन म्हणतात. एकच सूर वेगवेगळ्या सप्तकांत एकत्र वाजवायचा आणि सगळे एकदम वर सरकवायचे. वरच्या सप्तकातला सूर विरत जातो, त्याच वेळी खर्जातून नवा सूर हळूच आत येतो. कानाला वाटतं की आवाज चढतोय, चढतोय आणि कधी संपतच नाही. साध्या मोटारसायकलचा आवाज गिअर बदलला की खाली येतो, श्वास घेतो; बॅटपॉड श्वासच घेत नाही. ही युक्ती चालायची तर खर्ज आणि वरचे सूर दोन्ही स्वच्छ ऐकू यायला हवेत. सबवूफर नसेल तर खालचा नवा सूर आत येताना ऐकूच येत नाही आणि कानाला फसवण्याचा खेळ अर्धवट राहतो.

बॅटपॉड येतो तो ट्रकच्या पाठलागात, आणि पाठलागाच्या मोठ्या भागात संगीत नाही. इंजिनं, भुयारी रस्त्यातले प्रतिध्वनी, धातूची घासाघास, बस. ताल नसल्याने पुढचा धक्का कधी बसेल याचा अंदाजच येत नाही. शेवटी शिकागोच्या लासाल स्ट्रीटवर अख्खा अठरा चाकी ट्रक खरोखर उलटवला गेला. विशेष परिणामांचे प्रमुख क्रिस कॉर्बुल्ड यांनी ट्रेलरमध्ये पिस्टन बसवला होता. याच पाठलागाच्या चित्रीकरणात एक आयमॅक्स कॅमेराही फुटला. ट्रक उभा राहतो तेव्हा कॅमेरा जवळ जाऊन कौतुक करत नाही. रस्त्यावर उभ्या माणसाच्या नजरेने दोन्ही बाजूंच्या इमारतींमध्ये तो उभा होताना पाहतो. उंची मोजायला इमारती शेजारीच आहेत, म्हणून वजन पटतं. संगणकावर केलेल्या बऱ्याच सुपरहिरो दृश्यांत कॅमेरा अशक्य जागी उडत जातो आणि नेमकं हेच वजन हरवतं.

आवाजाच्या जोडणीतली सर्वांत सामान्य चूक एआरसीची, म्हणजे एचडीएमआय केबलवरून टीव्हीतला आवाज उलटा साउंडबारकडे पाठवणाऱ्या सोयीची. प्लेअर टीव्हीला जोडला आणि टीव्हीतून एआरसीने साउंडबारला आवाज दिला, तर डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ पूर्ण पोहोचत नाही. एआरसीला तेवढी क्षमता नाही. प्लेअर पीसीएमवर (आवाज स्वतःच उलगडून पाठवण्यावर) असेल तर फक्त दोन चॅनल जातात. काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत, मग आवाज येत नाही किंवा स्टिरिओ येतो. उपाय सरळ आहे: प्लेअरची केबल आधी एव्ही रिसीव्हरला किंवा साउंडबारच्या एचडीएमआय इनपुटला द्या, तिथून टीव्हीला. ईएआरसी ही एआरसीची जास्त क्षमतेची आवृत्ती असेल तरी टीव्ही डीटीएस पुढे जाऊ देतो का हे मॅन्युअलमध्ये आधी पाहा. प्लेअरच्या मेनूत आउटपुट ‘बिटस्ट्रीम’ (आवाज न उलगडता तसाच पुढे) ठेवा आणि दुय्यम ऑडिओ बंद करा. तो चालू असला की काही प्लेअर मूळ आवाजाऐवजी हलकी आवृत्ती पाठवतात.

नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज कंट्रोल बंदच हवा. तो हळू आवाज वर उचलतो आणि मोठा खाली दाबतो. जोकर पोलीस गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढतो तो शॉट आठवा. शहराचा आवाज जवळजवळ संपतो, वारा आणि एक पोकळी उरते. सगळ्यात मोठ्या विजयाच्या क्षणी कानावर काहीच येत नाही. नाइट मोड त्या शांततेला ओढून नेहमीच्या पातळीवर आणतो आणि शॉट केवळ ‘छान दिसणारा’ उरतो. रात्री शेजाऱ्यांचा विचार करायचा असेल तर एकूण आवाज कमी करा, सबवूफर ३-४ डेसिबलने खाली घ्या किंवा चांगले हेडफोन लावा. बॅटमनचा घोगरा आवाज कळत नसेल तर सेंटर चॅनल (संवादाचा मधला स्पीकर) दीड-दोन डेसिबलने वाढवा. त्याहून जास्त वाढवला तर चेलो पुन्हा मागे पडतो.

सबवूफरचा क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा खर्ज सबवूफरकडे जातो तो आकडा, ८० हर्ट्झवर ठेवा. छोट्या सॅटेलाइट स्पीकरना १०० ते १२० लागू शकतो. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये १० बाय १२ फुटांच्या खोल्या फार, त्याही काँक्रीटच्या. अशा खोलीत १२ फुटांच्या दिशेला सुमारे ४७ हर्ट्झ आणि १० फुटांच्या दिशेला सुमारे ५६ हर्ट्झ साठून घुमतात. ट्रकचा धक्का आणि स्फोट नेमके त्याच पट्टीत आहेत. सोफा भिंतीला चिकटवला तर खर्ज गदगदतो, खोलीच्या बरोबर मध्ये ठेवला तर तोच खर्ज गायब होतो. १२ फुटांच्या खोलीत समोरच्या भिंतीपासून साधारण ८ फुटांवर बसा. तिथून ६५ इंची टीव्ही सुमारे ३३ अंशांचा कोन भरतो, ५५ इंची सुमारे २८. चौकटीचं वाढणं अंगावर यायला ३० अंश तरी हवेत, म्हणून ५५ इंची असेल तर आणखी एक फूट पुढे या. सबवूफरची जागा शोधायला तो तात्पुरता सोफ्यावर ठेवा, खर्जाचा एखादा तुकडा सतत वाजवा आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर बसून फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे सबवूफर बसवा.

२००८ ची ब्लू-रे ज्यांच्याकडे आहे त्यांनी बदलावी का? तिच्यावर आवाज डॉल्बी ट्रूएचडी ५.१ मध्ये आहे आणि ऐकायला अजिबात कमी नाही. केवळ आवाजासाठी खर्च करू नका. चित्रात मात्र फरक मोठा आहे. जुन्या डिस्कवर ३५ मिमीच्या भागात कडा कृत्रिमपणे टोकदार केल्या होत्या, चेहऱ्यांभोवती पांढरी रेघ दिसायची. ४के डिस्कवर ती गेली, फिल्मचा दाणा परत आला आणि दोन प्रकारच्या फिल्ममधला फरक आता गुणवत्तेतला खड्डा वाटत नाही, नुसता आकाराचा बदल वाटतो. ५५ इंच किंवा मोठा एचडीआर टीव्ही असेल तर जरूर घ्या. ४३ इंची टीव्ही १० फुटांवरून पाहत असाल तर आधी खुर्ची पुढे घ्या, तेवढ्याने जुनी डिस्कही बरंच काही दाखवेल.

स्ट्रीमिंगवर पाहणाऱ्यांनी एक सोपी तपासणी करावी. दरोड्याच्या पहिल्या मिनिटात पडद्यावर काळ्या पट्ट्या दिसल्या, तर तुमच्यासमोर चौकट न बदलणारी आवृत्ती आहे. पट्ट्या नसल्या तरी तिथला आवाज दाबून लहान केलेला असतो. चेलोची वरची खरखर आणि शांततेतला तळ तिथेच आधी झिजतो.

पूरक साहित्य वेगळ्या ब्लू-रेवर आहे. दिग्दर्शकाची कॉमेंटरी नाही, ही उणीव जाणवते. पण आयमॅक्स प्रसंग कसे घेतले आणि जोकरचा सूर कसा सापडला यावरचे भाग पाहण्यासारखे आहेत. ते चित्रपटाआधी पाहू नका. एकदा पूर्ण चित्रपट, मग हे भाग, मग फक्त ट्रकचा पाठलाग पुन्हा एकदा, या क्रमाने पाहा.